कोठेकर सरांचा पहिला पराभव

कोठेकर सर आमच्या कॉलेजचे बेसबॉलचे प्रमुख प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली दुय्यम प्रशिक्षक नव्हता, सहायक नव्हता, मैदानावर पाणी मारायला माळीसुद्धा नव्हता. तरी ते ‘प्रमुख’ होते, आणि त्यांच्या खोलीबाहेरच्या पाटीवर हा शब्द त्यांच्या नावापेक्षा ठळक अक्षरांत रंगवलेला होता. वीस-बावीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांचा संघ एकदाही हरलेला नाही, ही गोष्ट ते जबलपुरात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. संघ या काळात एकदाही बाहेरच्या कोणाशी खेळलेला नाही, हे ते सांगत नसत. शहरात बेसबॉलचा दुसरा संघच नव्हता. दरवर्षी हिवाळ्यात ते आपल्याच मुलांचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग करत, त्यांचा अंतिम सामना लावत, आणि विजेत्यांचा प्रशिक्षक म्हणून फुलांचा हार स्वीकारून झाल्यावर पराभूतांचा प्रशिक्षक म्हणून चार सांत्वनाचे शब्दही स्वतःच बोलत.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो एका प्रशासकीय गरजेपोटी. क्रीडा समितीवर एक विद्यार्थिनी असावी असा आदेश वरून आला होता. एम.एस्सी.च्या पदार्थविज्ञान वर्गात मी एकटीच मुलगी होते आणि आकडेमोड न कुरकुरता करत असे, एवढ्या भांडवलावर मला गुणलेखक नेमण्यात आले. पहिल्या दिवशी सरांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, “क्रिकेट समजतं का तुला?” मी नाही म्हटले. “मग चालते. ज्याला क्रिकेट समजते त्याला आधी ते विसरवावं लागते.”

त्यांचा पोशाख म्हणजे त्यांनी स्वतःच ठरवलेला एक गणवेश होता. कडक इस्त्रीची खाकी पँट, काळ्या बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात अडकवलेली शिट्टी, आणि काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, जुन्या छत्रीच्या कापडाची शिवलेली पुढे झाप असलेली टोपी. पावसात ती भिजत नसे आणि उन्हात आतले डोके शिजत असे. बॅटी शिसवीच्या होत्या. कारखान्यातला एक ओळखीचा सुतार त्या घरच्या चरकावर कातून देई. त्या इतक्या जड होत्या की चेंडू लागला नाही तर मारणारा मुलगा स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करी. हातमोजे छावणीच्या सदर बाजारातल्या एका खोगीर शिवणाऱ्याने शिवलेले होते. ते घातल्यावर पंजा मिटत नसे, आणि सरांच्या मते हाच त्यांचा गुण होता, कारण उघडा पंजा आळशीपणा करू शकत नाही.

माणसांना नावाने हाक मारणे सरांना वेळेचा अपव्यय वाटे. त्यांनी अख्खे कॉलेज मैदानावरच्या जागांत वाटून टाकले होते. प्राचार्य म्हणजे कॅचर, बॅटमागे बसून चेंडू झेलणारा, कारण सगळ्यांचे सगळे शेवटी त्यांच्या अंगावर येऊन आदळते आणि ते बसल्या जागेवरून हलत नाहीत. हिशेबनीस शॉर्टस्टॉप, कारण त्याच्या हातून पुढे काहीच जात नाही. ग्रंथपाल आउटफिल्डर, म्हणजे पार मागे कुंपणाकडे उभा, तिथे वर्षानुवर्षे काही येत नाही, पण माणूस मात्र ठेवावा लागतो. घरी काकूंना ते ‘होम’ म्हणत. काकूंनी एकदा मला पोहे वाढताना सांगितले की लग्नानंतरची पहिली काही वर्षे त्यांना हा प्रेमाचा शब्द वाटे. पुढे त्या एकदा मैदानावर गेल्या आणि त्यांनी ते ‘होम’ पाहिले. जमिनीत बसवलेली एक रबरी पाटी, जिच्यावर येणारा-जाणारा पाय देतो. “तेव्हापासून मी पण त्यांना कोठेकर म्हणून राहिले,” काकू म्हणाल्या.

सरांची नेमणूक कशी झाली ही कथा ते स्वतःच अभिमानाने सांगत. स्वातंत्र्यानंतरच्या उत्साहाच्या दिवसांत कॉलेजला ‘आधुनिक खेळां’साठी काही अनुदान मिळाले होते. एका लष्करी पुरवठा आगारात कारकून असलेले तरुण कोठेकर हे एकमेव उमेदवार. निवड समितीत एक संस्कृतचे प्राध्यापक, एक वकील आणि एक निवृत्त रेल्वे अधिकारी. बेसबॉल तिघांपैकी कोणीही पाहिलेला नव्हता, आणि अशा परीक्षेत चुकीचे उत्तर देणे शास्त्रीयदृष्ट्या अशक्य असते. कोठेकरांनी टेबलावर शाईच्या दौती चार कोपऱ्यांत मांडून त्यांना बेस म्हटले, टाचणी हा धावणारा मानला आणि तिला दौतीदौतींवरून फिरवून परत घरी आणले. वकिलांनी एकच शंका काढली: बाद दिल्यावर अपील कुठे करायचे? अपील नसते, असे कळल्यावर त्यांचा खेळातला रस संपला आणि नेमणूक झाली.

पासष्टच्या युद्धातली गोष्ट मी ऐकलेली आहे, पण तिचे साक्षीदार बरेच आहेत. हवाई हल्ल्याच्या भीतीने सगळीकडे खंदक खणले जात होते. शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांचे शहर, तेव्हा आमच्याकडे ही भीती इतर गावांहून थोडी अधिक सकारण होती. नागरी संरक्षणाचे लोक कुदळी घेऊन मैदानावर आले, तेव्हा सर चुन्याच्या रेषेवर आडवे उभे राहिले. देशाच्या संरक्षणाला त्यांचा विरोध नव्हता. देशाने डायमंड, म्हणजे चार बेसांचा चौकोन, सोडून मागे आउटफिल्डमध्ये लपावे, एवढीच त्यांची विनंती होती. दोन तास वाद झाल्यावर खंदक आउटफिल्डमध्ये खणले गेले. विमाने आली नाहीत. चेंडू मात्र त्या खंदकांत पडू लागले, म्हणून सरांनी नियम केला की खंदकात पडलेल्या चेंडूला पूर्ण फेरीची धाव. युद्ध संपले, खंदक बुजले, त्यावर गवत उगवले. नियम तसाच राहिला. चेंडू सपाट गवतात पडे आणि मुले “खंदक! खंदक!” करत धावत सुटत.

क्रिकेट हा सुट्टीचा खेळ आणि बेसबॉल हा ड्यूटीचा, असे ते म्हणत. शहर त्यांना अनुकूल होते. आमच्या सकाळ-संध्याकाळी भोंग्यांवर चालत. बहुतेक मुले खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समधली, आणि शिकून झाल्यावर वडिलांच्याच बसने त्याच फाटकात जाणारी. हुकूम आला की हलायचे हे त्यांना घरातच ठाऊक झालेले होते. सर बॅट धरलेल्या मुलाच्या मागे उभे राहत, चेंडू लागला की ओरडत, “डावीकडे!” आणि मुलगा डावीकडच्या बेसकडे सुटे. वीस वर्षांत एकाही मुलाने ‘डावीकडेच का’ असे विचारले नव्हते.

एकाहत्तरच्या पावसाळ्यानंतर दोन गोष्टी घडल्या. पूर्वेकडच्या बातम्यांनी कारखान्यांत ओव्हरटाइम सुरू झाला. आमचे वडील लोक घरी केवळ झोपायला येऊ लागले. आणि कॉलेजचा कॅचर बदलला. नवे प्राचार्य रसायनशास्त्राचे होते आणि प्रत्येक गोष्टीत तळाशी अवक्षेप किती उरतो ते पाहत. त्यांनी सरांना बोलावले. समितीची सदस्य म्हणून मी तिथे बसले होते. त्यांनी विचारले, आजवर तुम्ही कोणाला हरवले?

“आम्हाला अजून कोणी हरवलेलं नाही, सर.”

“मी ते विचारलं नाही.”

पुढचे सगळे थोडक्यात आटोपले. सत्र संपण्यापूर्वी बाहेरच्या कॉलेजशी, बाहेरच्या पंचाच्या देखरेखीखाली एक रीतसर सामना झाला पाहिजे. नाही झाला, तर प्रमुख प्रशिक्षकाचे पद रद्द आणि मैदान कारखान्याच्या शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षण-शेडसाठी. सर पन्नाशी ओलांडलेले. जवळ एक जुना कारकुनीचा दाखला आणि देशात दुसऱ्या कोणालाही नको असलेली एक विद्या. बाहेर आल्यावर त्यांनी टोपी सारखी केली. “कॅचर नवा आहे,” ते म्हणाले, “अजून बोट मोडलं नाही त्याचं.” पण जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता.

त्यांनी पत्रे पाठवली. बहुतेक कॉलेजांनी कळवले की आमच्याकडे हॉकी आहे. नागपूरच्या पलीकडच्या एका कॉलेजाने मात्र होकार दिला. तिथला प्रशिक्षक तरुण होता, त्याने या विषयाची रीतसर पदविका घेतली होती आणि पंच तो स्वतःबरोबर आणणार होता.

सामन्याच्या आधीच्या आठवड्यात मी चुन्याच्या रेषांची मापे घेत होते. शेजारी हातमोजे उन्हात टाकले होते. सगळे डाव्या पंजाचे, आणि एकटा कॅचरचा उजव्या पंजाचा. आमचा कॅचर बिचारा उजव्या हाताने चेंडू अडवी, मोजा झटकून काढी आणि मग त्याच हाताने फेकी. तोवर धावणारा दोन बेस पुढे गेलेला असे. हा अपवाद मला खटकला. मी सरांना विचारले, तुम्ही हा खेळ शिकलात कुठे?

ते खुलले. मोठ्या लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, वेळी शहराबाहेर, काळ्या पत्थरांच्या पायथ्याशी, काही महिने एका अमेरिकी तुकडीचा तळ होता. संध्याकाळी ते शिपाई खेळत. तारेच्या कुंपणाच्या आत जायला मनाई, म्हणून तरुण कोठेकर पत्थरावर शेंगदाण्याची पुडी घेऊन बसत आणि वरून पाहत.

“म्हणजे मारणारा तुमच्याकडे तोंड करून असे?”

“मग काय पाठ करून? चेंडू आमच्याकडेच येऊन राहिले होते ना.”

“आणि मैदानावर पसरलेल्या सगळ्यांची पाठ तुमच्याकडे.”

“हो.”

“कॅचरचं मात्र तोंड.”

“काहून विचारून राहिली तू हे?”

मी म्हटले, सर, मारणारा मारल्यावर डावीकडे पळे. कोणाच्या डावीकडे?

“डावीकडे म्हणजे डावीकडे,” सर म्हणाले. “दिशेला काय मालक असते?”

मी चुन्याने जमिनीवर चौकोन काढला. पाठमोऱ्यांचे हात त्यांनी बरोबर टिपले होते; जो एकटा समोर तोंड करून बसला होता त्याचा हात उलटा झाला होता. तोच न्याय धावण्याला. पत्थरावरून जे डावे होते, ते बॅटजवळून उजवे होते. वीस वर्षे आमचा संघ बेसबॉल आरशात खेळत होता.

सर त्या चौकोनाभोवती एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून चालून आले. मग त्यांच्या चेहऱ्यावर तोडगा उमटला: आपण होमची पाटीच उचलून समोरच्या कोपऱ्यात नेऊ. मला सांगावे लागले की डावा पंजा कितीही गोल फिरवला तरी उजवा होत नाही. हे एक साधे गणिती सत्य आहे. पण त्या क्षणी ते उच्चारताना मला त्याचा अजिबात अभिमान वाटला नाही. “जा तू आता, फिजिक्स,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले तेव्हा ते बॅटच्या मागे नव्हते. ते आउटफिल्डच्याही पलीकडे, कुंपणाला पाठ लावून उभे होते आणि तिथून पूर्ण ताकदीने ओरडत होते, “डावीकडे! माझ्या डावीकडे!” मुलांना त्यांनी सांगितले होते की खरा प्रशिक्षक सामन्यापूर्वी जागा बदलतो, हे फार वरच्या दर्जाचे तंत्र आहे. एक अक्षर न बदलता त्यांनी वीस वर्षांची चूक दुरुस्त केली होती. प्रयोग चुकला तर निरीक्षकालाच हलवावे, हा विचार मला आजवर कोणत्याही क्रमिक पुस्तकात आढळलेला नाही.

तरी मुले गोंधळलेलीच होती. तिवारी हा संघातला सर्वांत जोरदार मारणारा. त्याच्या वडिलांनी रात्रपाळीहून येऊन त्याला अंगणात पळवून पाहिले होते. तो मला म्हणाला, “दीदी, दिमाग समज गया है, पैर नहीं समजून राहिले.”

सामन्याच्या दिवशी पाहुणे पांढऱ्या पोशाखात आले. प्राचार्य खुर्ची टाकून बसले. पाहुण्यांची पहिली खेळी इतकी लांबली की मला मध्ये पेन्सिल टोकावी लागली. त्यांचा प्रत्येक मुलगा उजवीकडे धावला आणि आमच्या मुलांनी तो चमत्कार डोळे भरून पाहिला. मग आमची पाळी आली आणि सर टोपी सावरून दूर कुंपणाकडे चालू लागले. पंचाने शिट्टी फुंकली. नियमानुसार प्रशिक्षकाला मैदानात दूर उभे राहता येत नव्हते. त्याची जागा बेसजवळच्या रेषेबाहेर. सरांनी वाद घातला नाही. ते सगळे मैदान ओलांडून परत आले. इतके सावकाश चालताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

पहिल्या मुलाने चेंडू छान मारला आणि पायांच्या जुन्या सवयीने डावीकडे सुटला. पाहुण्यांचा तिथला खेळाडू अदबीने बाजूला झाला, वाट चुकलेल्याला वाट द्यावी तसा. बाद. दुसऱ्याने मारला आणि तो जागीच उभा राहून विचार करू लागला. बाद. पाहुण्यांत हसू पसरले. त्यांचा तरुण प्रशिक्षक हसला नाही; तो कपाळाला आठी घालून आमच्या कॅचरच्या बाजूला काढून ठेवलेल्या हातमोज्याकडे पाहत होता.

तिवारी आला. दुसराच चेंडू त्याने असा उचलला की तो बुजलेल्या खंदकांच्याही पलीकडे गेला. आणि तिवारी थांबला. बॅट हातात, मान वळवलेली, नजर सरांवर.

“सर, किधर?”

मैदानभर ऐकू गेले. प्राचार्यांनी चष्मा काढला. सर नुसते “पळ” म्हणू शकले असते, किंवा काहीच न बोलता उभे राहू शकले असते. अपराजित माणसाला गप्प बसण्याची सवय नसते एवढेच. त्यांचे ओठ जुन्या शब्दासाठी उघडले होते, ते मी पाहिले. ते मिटले.

“उजवीकडे,” ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “उजवीकडे, बेटा. मी उलटं शिकवलं. भाग.”

तिवारी धावला. चारही बेस घेऊन तो घरी आला, तेव्हा पाहुणे अजून गवतात चेंडू शोधत होते. ती आमची त्या दिवसाची एकमेव धाव. बाकी आम्ही व्यवस्थित, सविस्तर आणि नियमांनुसार हरलो. संध्याकाळी पाहुण्या प्रशिक्षकाने फार आदराने विचारले, उजव्या पंजाचा मोजा ही काही खास पद्धत आहे का? सर म्हणाले, ते आम्ही बाहेरच्यांना सांगत नाही.

प्राचार्य शब्दाचे पक्के होते. सामना झाला होता, पंच बाहेरचा होता, निकाल स्पष्ट होता. अपराजित राहण्याने जी नोकरी जात होती, ती हरल्यामुळे वाचली. थोड्याच दिवसांत युद्ध सुरू झाले, खिडक्यांना काळे कागद लागले, आणि मैदानाचा अर्धा भाग शेडसाठी गेलाच. पद राहिले, आउटफिल्ड गेले. सर म्हणाले, बेसबॉलमध्ये आउटफिल्डचे महत्त्व लोक उगाच वाढवतात.

संशोधनासाठी शहर सोडण्याआधी मी कागदांवर सह्या घ्यायला कॉलेजात गेले, तेव्हा त्यांना शेवटचे पाहिले. शेडच्या पत्र्यालगतच्या तुकड्यावर नव्या मुलांचा सराव चालला होता. सर बॅटच्या मागे, आपल्या जुन्या जागी. चेंडू लागला की “उजवीकडे!” असे ते गरजत होते, जणू जन्मल्यापासून दुसरा शब्द तोंडातून गेला नाही. तिवारी आता कारखान्यात उमेदवार होता. ड्यूटी संपवून सायकलने तो सरावाला आला होता, अंगावर तेलाचे डाग तसेच. त्याने मारले, आणि दिवसभराच्या थकव्यात त्याचे पाय जुन्या वाटेला, डावीकडे गेले. नवी मुले खिदळली.

सर तरातरा पुढे आले. “कोण्या गाढवानं शिकवलं रे तुले हे?”

मुले वाट पाहू लागली. तिवारीने मान खाली घातली आणि बुटाने चुना सारखा केला.

“याद नहीं, सर.”

 सरांनी टोपी काढली, कपाळ पुसले, पुन्हा घातली.

“अच्छा,” ते म्हणाले. “चलो. फिर से.”